चालतंय, पण बरोबर चालतंय का?

मराठी विभागासाठी काहीतरी लिही असं मॅडमनी सांगितलं तेव्हा मी आधी चक्क नाही म्हटलं. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे मराठीचा पेपर म्हणजे माझ्यासाठी पास होण्यापुरता मामला. पण मॅडम म्हणाल्या, "तू घरी कॉम्प्युटर बनवलास आणि मग बिघडवलास ना, त्यावरच लिही. बोलतेस तसं लिही." म्हणून लिहितेय. काना-मात्रा चुकली तर सांभाळून घ्या. आकडे मात्र तपासून घेतलेत!

गोष्ट २०२४ च्या दिवाळीची. मी सेकंड इयरला होते. घरी दादाचा जुना लॅपटॉप होता, जो सुरू होईपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा. इकडे मिनी-प्रोजेक्टसाठी आमच्या चौघांच्या ग्रुपने विषय घेतला होता: केळीच्या पानाच्या फोटोवरून करपा रोग ओळखायचा. ग्रुपमध्ये मी वसईची, बाकीचे तिघं हॉस्टेलवर, आणि त्यातला एक जळगावकडचा. म्हणजे केळी दोन्हीकडची. आमच्या वाडीतली राजेळी, जिची सुकेळी करतात, आणि त्याच्या वडिलांच्या शेतातली जळगावची. हजारभर फोटो आणि ते शिकवायला मशीन, एवढंच पाहिजे होतं. लॅपटॉपने पहिल्याच दिवशी हात टेकले.

आईची भिशी लागली होती, पप्पांचा बोनस आला होता. दोन्ही मिळून चाळीस हजार. पप्पा म्हणाले, "घे, पण एकदाच. पुन्हा चार वर्षं मागायचं नाही." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आधी पार्टची ओळख

असेंबल करणं म्हणजे सर्किट बनवणं नव्हे. सगळे पार्ट तयार येतात, आपण फक्त एकमेकांना चालणारे पार्ट निवडतो आणि जोडतो. अवघड काम आहे ते निवडण्याचं.

प्रोसेसर मी घेतला एएमडीचा रायझन ५ ५६००जी. सहा कोअर, मूळ वेग ३.९ गिगाहर्ट्झ, जास्तीत जास्त ४.४. शेवटचा 'जी' महत्त्वाचा. त्याचा अर्थ ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच आहे. नुसता ५६०० घेतला तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, नाहीतर स्क्रीनवर काळोख. एका अक्षरासाठी लोक दुकानात परत आलेले मी स्वतः पाहिलेत.

मदरबोर्ड घेताना दुकानदार ए५२० चिपसेटचा स्वस्त बोर्ड पुढे करत होता. तो वाईट नाही, पण त्यावर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग करता येत नाही. बी५५० वर येतं. इंटेलकडे साधारण असाच नियम आहे: नावात 'के' असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा चिपसेट. डोक्यात ओव्हरक्लॉकिंगचं भूत आधीपासून होतंच, म्हणून मी बी५५० वर अडून बसले.

रॅम घेतला ८ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर४, ३२००. सोळाची एक पट्टी का नाही? कारण दोन पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये लावल्या की प्रोसेसरला दोन वाटा मिळतात. एका वाटेने सेकंदाला २५.६ जीबी, दोन्हींनी ५१.२ जीबी. आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी आणत नाही, ते याच रॅममधून खातं. त्यामुळे आमच्यासारख्यांना दुसरी वाट म्हणजे जवळजवळ फुकटचा वेग. (२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की माझ्या वेळचं बजेट तुम्ही धरू नका.)

बाकी ५०० जीबीचा एसएसडी, ४५० वॅटचा एसएमपीएस आणि कॅबिनेट. एसएमपीएसमध्ये कंजुषी करू नका. हा एकच पार्ट असा आहे की जो मरताना इतरांना सोबत नेऊ शकतो.

लॅमिंग्टन रोड ते वसई

पार्ट आणायला मी आणि मामा गेलो. मामाचं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान आहे, सोल्डरिंगचा वास म्हणजे त्याचं सेंट. वसई रोडहून चर्चगेट फास्ट, मुंबई सेंट्रलला उतरून स्लो पकडायची आणि पुढच्याच ग्रँट रोडला पूर्वेला बाहेर पडायचं. पाटीवर नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते विचारलंत तर कोणी सांगणार नाही. लॅमिंग्टन रोड म्हणा, लगेच बोट दाखवतील. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.

चार दुकानांत भाव विचारले, बिलावर सीरियल नंबर लिहून घेतले आणि तीनच्या आत परतीची गाडी पकडली. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये मदरबोर्ड घेऊन चढायची हिंमत माझ्यात नाही. कॅबिनेटचा खोका मामाच्या मांडीवर, प्रोसेसर माझ्या पर्समध्ये. बोरिवलीला एका मावशींनी विचारलं, "मिक्सर का गं?" मी हो म्हटलं.

जोडणी आणि काळी स्क्रीन

जोडायच्या आधी मामाने एक काम केलं जे कुठल्याही व्हिडिओत मला दिसलं नव्हतं. भिंतीच्या सॉकेटची अर्थिंग तपासली. आमचं घर जुनं. सॉकेटला तिसरं भोक होतं, पण त्यामागे वायरच नव्हती! एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, त्यांचं एक टोक कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेलं असतं. अर्थिंग नसेल तर तो पत्रा २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, पण हाताला मुंग्या येतात. जुन्या घरात कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्याचं कारण हे. वायरमनला बोलावून अर्थिंग घेतली, मगच खोके उघडले.

जोडणी दीड तासाची. प्रोसेसरला खाली पिना असतात आणि कोपऱ्यात छोटा त्रिकोण. सॉकेटवरच्या त्रिकोणाशी तो जुळवायचा आणि प्रोसेसर नुसता ठेवायचा. दाबायचा नाही, तो आपल्या वजनाने बसतो. मग खटका खाली. कूलरला थर्मल पेस्ट आधीच लावलेली होती. रॅम मात्र दाबावा लागतो, 'खट्' आवाज येईपर्यंत. मी प्रत्येक पार्ट उचलण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावत होते, अंगातली स्टॅटिक निघून जावी म्हणून.

बटण दाबलं. पंखे फिरले, लाईट लागले, स्क्रीन काळी! माझ्या पोटात गोळा. चाळीस हजार! आईने तर देवाजवळ मेणबत्ती लावली. मामाने टॉर्च घेऊन आत पाहिलं आणि हसायला लागला. मदरबोर्डची मोठी चोवीस पिनांची वायर मी लावली होती. प्रोसेसरची वेगळी आठ पिनांची वायर वरच्या कोपऱ्यात लोंबत होती. पंख्यांना वीज मिळत होती, प्रोसेसर उपाशी होता. वायर लावली, स्क्रीन आली, आईने पेढे वाटले.

"पंखे फिरले म्हणजे मशीन चाललं असं नसतं," मामा म्हणाला. तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

प्रोसेसरमधली कामं घड्याळाच्या ठोक्यावर होतात. मदरबोर्ड मूळ ठोका देतो १०० मेगाहर्ट्झचा, प्रोसेसर त्याला गुणतो. १०० गुणिले ३९ म्हणजे ३.९ गिगाहर्ट्झ. हा गुणाकार किंवा मूळ ठोका आपण वाढवायचा, याला म्हणतात ओव्हरक्लॉकिंग.

मामाच्या तरुणपणीचं उदाहरण सर्वांत सोपं. १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए काढला. ६६ मेगाहर्ट्झचा ठोका, साडेचारने गुणायचा, म्हणजे ३००. लोकांनी बोर्डवर ठोका ६६ ऐवजी १०० केला. साडेचारने गुणून झाले ४५०! त्या वर्षी इंटेलचा सर्वांत वेगवान पेंटियम टूसुद्धा ४५० चाच होता आणि त्याची किंमत कितीतरी जास्त. मामाने तो सेलेरॉन सेकंडहँड घेऊन ४५० वर चालवला होता. अजून सांगताना त्याचे डोळे चमकतात.

पण कंपनी ४५० ला चालणारी चिप ३०० म्हणून का विकते? दोन कारणं. एकाच तबकडीवर बनलेल्या चिप सारख्या नसतात, जशा एकाच घडातली केळी सारखी नसतात. कंपनी त्या तपासून वेगवेगळ्या वेगाचे शिक्के मारते, आणि स्वस्त मालाला मागणी जास्त असेल तर चांगल्या चिपवरही खालचा शिक्का बसतो. दुसरं म्हणजे कंपनीला गॅरंटी द्यायची असते. थंड खोलीत, नव्या मशीनवर चालून भागत नाही. उन्हाळ्यात, धुळीने भरलेल्या कॅबिनेटमध्ये, वीज खालीवर होत असताना, चार वर्षांनीही बरोबर चाललं पाहिजे. म्हणून मध्ये जागा सोडलेली असते. तिला मार्जिन म्हणतात.

ओव्हरक्लॉकर हे मार्जिन स्वतः वापरतो. ते फुकट मिळत नाही, जी गॅरंटी कंपनी देत होती ती आता आपण द्यायची. (कागदोपत्रीसुद्धा. ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही.) शिवाय आजचे प्रोसेसर हुशार आहेत. तापमान आणि वीज पाहून ते स्वतःच वेग वाढवतात. त्यामुळे १९९८ सारखी पन्नास टक्क्यांची लॉटरी आता राहिलेली नाही. हाताने मिळतात ते पाच-दहा टक्के.

दहा टक्क्यांची किंमत

सेकंड इयरला शिकलेलं एक सूत्र आठवा. चिपला लागणारी वीज ही वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवला की ट्रान्झिस्टरना लवकर चालू-बंद व्हावं लागतं, त्यासाठी व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि तिथेच फसायला होतं.

समजा वेग ४.० वरून ४.४ केला, म्हणजे १.१ पट. त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ करावं लागलं. १.३५ भागिले १.२०, त्याचा वर्ग १.२६५. गुणाकार येतो १.३९. म्हणजे दहा टक्के वेगासाठी जवळजवळ चाळीस टक्के जास्त उष्णता! आणि ती बाहेर टाकणारा कूलर तोच, डब्यात फुकट आलेला.

आम्हा वसईकरांना हे पटकन कळेल. जुलै २०१८ चा पाऊस आठवा. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी आलं, गाड्या थांबल्या, घराघरात पाणी. पाऊस पडला म्हणून पाणी भरत नाही. जितकं येतं तितकं निघून जात नाही, म्हणून भरतं. चिपचंही तसंच. उष्णता निघून जायचा वेग कमी पडला की तापमान चढतं, आणि एका पातळीनंतर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे आपण वेग वाढवायला गेलो आणि तो मिळाला कमी.

आणखी एक गोष्ट जी पुण्या-नाशिकच्या मित्रांनी केलेल्या प्रयोगात दिसत नाही. कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त फरक कमी ठेवतो. खोली दहा अंशांनी तापली की चिपही साधारण दहा अंशांनी तापते. जानेवारीच्या रात्री माझी खोली २३ अंशांवर असते, एप्रिलच्या दुपारी ३४ वर.

मी काय केलं

जानेवारीतल्या एका रात्री मी बायोस उघडला. आधी एक कायदेशीर सुधारणा. ३२०० चा रॅम लावला तरी तो आपोआप ३२०० ला चालत नाही, सुरुवातीला खालच्या वेगाने चालतो. बायोसमध्ये एक्सएमपी नावाचं सेटिंग चालू करावं लागतं. कित्येकांच्या घरी ते वर्षानुवर्षं बंदच असतं. ते जरूर तपासा.

तिथे थांबायला हवं होतं. पण प्रोसेसर ४.४ वर ठेवून मी रॅम ३६०० केला. आणि आकडा छान दिसावा म्हणून त्याचा सीएल १६ तसाच ठेवला.

सीएल म्हणजे काय? रॅमला माहिती मागितल्यावर ती यायला किती ठोके लागतात, तो आकडा. डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा माहिती देतो, म्हणून ३२०० चा खरा ठोका १६०० मेगाहर्ट्झ. सोळा ठोके म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० ला खरा ठोका १८००, आणि तेच सोळा ठोके म्हणजे ८.९ नॅनोसेकंद. म्हणजे मी त्या चिपना सांगितलं, दहामध्ये करायचं काम नऊच्याही आत करा.

मशीन सुरू झालं. पंधरा मिनिटं गेम खेळले, एक बेंचमार्क चालवला, आकडा वाढला. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. "स्टेबल आहे!" असं लिहिलं. हॉस्टेलवरून तिघांचे अंगठे आले.

आणि काय झालं

मार्चच्या शेवटी आम्ही सगळे फोटो एकत्र केले. जळगाववाल्या मित्राने डिसेंबरच्या सुट्टीत वडिलांच्या शेतात काढलेले, आणि मी आमच्याकडच्या वाड्यांमधून फिरून काढलेले. एकूण १,२४०. ते माझ्या मशीनवर कॉपी केले, नावं बदलली, आकार लहान केले. त्याच्या कार्डावरची जागा पाहिजे होती म्हणून कार्ड फॉरमॅट केलं. तो विचारत होता, "सगळं नीट आलंय ना?" मी म्हटलं, "बिनधास्त."

एप्रिलमध्ये ट्रेनिंग मध्येच बंद पडायला लागलं. कधी विसाव्या मिनिटाला, कधी दोन तासांनी, प्रत्येक वेळी वेगळा एरर. दोन आठवडे आम्ही चौघांनी कोडमध्ये चूक शोधली. हॉस्टेलवाले तिघं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागे. एकदा त्याने सरळ विचारलं, "तू मशीनला काही केलंयस का?" मी म्हटलं, "नाही रे, पायथनचा काहीतरी प्रॉब्लेम असेल." खोटं बोलायचं म्हणून बोलले नव्हते. मला खरंच वाटत होतं की मशीन ठीक आहे, तीन महिने चालत होतं ना! पण 'नाही' हे उत्तर खोटं होतं.

मग फोटो एकेक उघडून पाहिले. ३७ फोटो एक तर उघडतच नव्हते, नाहीतर वरचं अर्धं पान हिरवं आणि खालचं अर्धं सपाट राखाडी. जेपेग फाइलमध्ये माहिती दाबून भरलेली असते, मधला एक बिट चुकला तरी पुढचं सगळं वाचताना घसरत जातं. कॉपी करताना फाइल रॅममधून जाते. तिथे एक बिट उलटला, तर एसएसडीवर चुकीचीच फाइल प्रामाणिकपणे लिहिली जाते. कोणीही ओरडत नाही.

त्या रात्री पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चालवला. हा प्रोग्रॅम विंडोजच्या बाहेर चालतो, रॅमच्या प्रत्येक घरात ठरावीक आकडा लिहितो आणि परत वाचून ताडतो. चाळीस मिनिटांत लाल ओळी सुरू झाल्या.

जानेवारीत का नाही आलं? रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला चार्ज. तो गळत असतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांनी रॅम तो वाचून पुन्हा भरतो. उष्णता वाढली की गळती वाढते. हे इतकं जुनं सत्य आहे की ८५ अंशांच्या वर दुप्पट वेळा भरावं, असं डीडीआर४ च्या नियमातच आहे. माझा रॅम इतका तापला नसेलही, पण मार्जिन मी आधीच खाल्लं होतं. उरलेलं वसईच्या उन्हाळ्याने खाल्लं.

सकाळी कॉलेजला येऊन मी तिघांना सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. जळगाववाला एवढंच म्हणाला, "ती झाडं आता नाहीत गं. घड उतरला, झाडं कापली." केळीचं झाड एकदाच फळतं. ते फोटो पुन्हा काढता येणार नव्हते.

३७ फोटोंपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीने झोप आली नाही. उरलेल्या १,२०३ मध्ये किती फोटो दिसायला ठीक होते आणि आतून बदललेले होते? हे ओळखायला मूळ फोटो पाहिजे होते, आणि मूळ फोटो मी पुसले होते.

मग तपासायचं कसं?

साध्या रॅमला स्वतःची चूक कळत नाही. सर्व्हरमध्ये वापरतात त्या ईसीसी रॅममध्ये जास्तीचे बिट असतात, त्यामुळे एका बिटाची चूक पकडून दुरुस्तही होते. आपल्या घरी ते नसतं, म्हणून तपासणी आपण करायची. माझा अनुभव आणि मामाची शिस्त मिळून हा क्रम झाला:

१. नवं मशीन आधी कंपनीच्या सेटिंगवर निदान महिनाभर चालवा. मूळ मशीन चांगलं आहे हेच माहीत नसेल तर पुढे दोष कोणाचा ते कळणार नाही.

२. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि वहीत लिहा. प्रोसेसर आणि रॅम एकाच रात्री कधीच नाही.

३. रॅमला हात लावला तर मेमटेस्ट८६ पूर्ण रात्रभर. एकही चूक चालणार नाही. 'फक्त दोनच आल्या' असं काही नसतं.

४. प्रोसेसरसाठी प्राइम९५ काही तास. याची गंमत ऐका. हा प्रोग्रॅम जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या, मोठ्या मूळसंख्या शोधण्याच्या प्रकल्पातला आहे. जगभरचे लोक आपापल्या मशीनवर गणित चालवतात. याच प्रकल्पात २०२४ मध्ये ४,१०,२४,३२० अंकांची मूळसंख्या सापडली. घरगुती मशीन चुकू शकतं हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून कित्येक वर्षं प्रत्येक उत्तर दुसऱ्या मशीनवर पुन्हा काढून ताडलं जायचं. प्राइम९५ ची चाचणी तेच करते, उत्तर माहीत असलेलं गणित देते आणि उत्तर जुळतं का पाहते. पंधरा मिनिटांच्या गेममध्ये एक पिक्सेल चुकला तर कोणाला कळणार?

५. चाचणी दुपारी करा, पंखा-एसी बंद ठेवून. एप्रिलमध्ये पुन्हा करा.

६. व्होल्टेज जपून. वेग जास्त झाला तर मशीन बंद पडतं आणि परत येतं, जास्त व्होल्टेज मात्र चिप कायमची झिजवतं. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर व्हायला लागले. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं जात होतं, हे कंपनीनेच सांगितलं. नवीन मायक्रोकोड दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेली चिप अपडेटने बरी होत नाही.

७. मशीन सुरूच झालं नाही तर घाबरू नका. प्लग काढा, बोर्डवरचा नाण्यासारखा सेल थोडा वेळ काढून ठेवा, बायोस मूळ सेटिंगवर येतो.

८. आणि मूळ फाइल पुसण्याआधी दुसरी प्रत वेगळ्या मशीनवर. फाइलचा हॅश काढून दोन्हीकडे जुळवा. विंडोजमध्येही एका कमांडचं काम आहे.

शेवट

त्याच दिवशी मी रॅम ३२०० वर आणला, प्रोसेसर मूळ सेटिंगवर. मेमटेस्ट रात्रभर, शून्य चुका. ट्रेनिंग पहिल्यांदाच शेवटपर्यंत गेलं. माझ्या ३६०० ने वाचवली असती चार-पाच मिनिटं, खाल्ले दोन आठवडे.

वसईकडचे फोटो मी आणि मामाने तीन दिवस वाड्यांतून फिरून पुन्हा काढले. जळगावचे राहिले तेवढेच वापरले. सरांना प्रेझेंटेशनमध्ये सगळं खरं सांगितलं. सरांनी मार्क कापले नाहीत, पण रिपोर्टमध्ये 'डेटाची तपासणी' असा वेगळा चॅप्टर लिहायला लावला. कोणते फोटो संशयास्पद आहेत आणि का, हे माझ्या नावाने. तो लिहिताना जितकं शिकले तितकं त्या सेमिस्टरमध्ये कशातच शिकले नाही.

पप्पांनी नंतर विचारलं, "आता फास्ट नाही का राहिला तो?" मी म्हटलं, "पप्पा, आता बरोबर आहे." त्यांना ते फारसं कळलं नसावं, पण चाळीस हजार शाबूत आहेत हे कळलं.

ओव्हरक्लॉकिंग करू नका असं मी म्हणणार नाही. इंजिनिअरिंगला येऊन मार्जिन कुठे संपतं हे पाहायचंच नाही तर काय उपयोग? फक्त ते पाहताना ज्या मशीनवर दुसऱ्याची मेहनत ठेवली आहे, ते मशीन वापरू नका. आणि कोणी विचारलं, "काही केलंयस का?" तर खरं सांगा.

गेल्या वर्षी जळगाववाल्याने स्वतःचा कॉम्प्युटर घेतला. जोडायला मलाच बोलावलं, हे मला मिळालेलं सर्टिफिकेट! आठ पिनांची वायर मी आधी लावली. स्क्रीन आली तेव्हा तो खुश होण्याऐवजी पेन ड्राइव्ह घेऊन उभा होता. म्हणाला, "आधी मेमटेस्ट. रात्रभर."

हॉस्टेलवर कोणाला असेंबल करायचा असेल तर सांगा, मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन येईन. चहा तुमचा.